आवाजाचे ओझे

गिटार हे तसे हलके वाद्य. विजेवर वाजणारी, भरीव लाकडाची गिटार घेतली तरी तिचे वजन साडेतीन-चार किलोंच्या घरात असते. पट्टा खांद्यावर टाकला की ती अंगाशी बिलगून राहते. परंतु विजेच्या गिटारीला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतोच. तिच्या तारांखालची चुंबकीय वेटोळी जो क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण करतात, तो श्रोत्यांच्या कानांपर्यंत पोचण्याइतका बलवान करण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायर नावाची पेटी करते. ही पेटी मात्र वाद्याच्या सात-आठपट जड असू शकते. वाद्य खांद्यावरून सहज जाते आणि त्याचा आवाज वाहून नेण्यास हमाल लागतो, अशी ही विपरीत स्थिती आहे. बहुसंख्य वादकांना हमाल परवडत नाही. ते आपल्या आवाजाचे हमाल आपणच होतात.

हा वादक कोण असतो? पुष्कळदा तो हौशी असतो. आठवडाभर कचेरीत खुर्चीला खिळून बसावयाचे, आणि शनिवार-रविवार आला की गणेशोत्सवात, लग्नसमारंभात किंवा एखाद्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात वाजवावयास जावयाचे, असा त्याचा क्रम असतो. तो दादरचा असो, मडगावचा असो, इंदूरचा असो की बंगळूरचा, त्याची चाळिशी उलटते आणि एके रात्री पेटी उचलताना कमरेत उसण भरते. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने त्रस्त होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा हे दुखणे काही गिटारवादकाचेच नव्हे. परंतु त्याच्या बाबतीत त्याचा परिणाम विशेष खेदजनक होतो. बोटे चालत असतात, कान शाबूत असतात, मनात गाणेही असते. आणि केवळ पेटी उचलवत नाही म्हणून वाजविणे सुटते. ते सुटू नये यासाठी पेटी कोणती निवडावी आणि ती कशी हलवावी, याचा विचार जरा सविस्तर करावयास हवा.

प्रथम पेटी जड का असते ते पाहिले पाहिजे. तिच्या वजनाचे तीन मोठे वाटेकरी आहेत: लोखंड, चुंबक आणि लाकूड. जुन्या धाटणीच्या पेटीत व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्हना लागणारा उच्च दाब पुरविण्यासाठी एक ट्रान्सफॉर्मर, आणि व्हॉल्व्हचा स्पीकरशी मेळ घालण्यासाठी दुसरा, असे लोखंडी पत्र्यांचे आणि तांब्याच्या तारेचे दोन गठ्ठे तिच्यात बसविलेले असतात. स्पीकरच्या मागे चुंबक असतो. बारा इंची स्पीकरचा नेहमीचा चुंबक धरला तर एकेका स्पीकरचे वजन चार-पाच किलोंपर्यंत जाते. या सर्वांना धरून ठेवणारी, आवाजाने न थरथरणारी प्लायवुडची भक्कम पेटी हा तिसरा वाटेकरी.

कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीने १९६३ साली ‘ट्विन रिव्हर्ब’ ही पेटी बाजारात आणली. तिच्यात बारा इंची दोन स्पीकर असतात. स्वच्छ आणि खणखणीत आवाजाचा नमुना म्हणून ती जगभर नावाजली गेली. त्याच घाटाची आज मिळणारी पेटी सुमारे २९ किलो भरते. इंग्लंडमधील व्हॉक्स एसी-३० ही पेटीही तिसाच्या आसपास जाते. व्हॉल्व्ह गेले आणि ट्रान्झिस्टर आले की वजन आपोआप उतरते, असाही एक समज आहे. तो पुरता खरा नाही. जपानच्या रोलँड कंपनीची १९७५ सालची ‘जॅझ कोरस १२०’ ही पेटी ट्रान्झिस्टरची आहे, तरी तिचे वजन २८ किलो आहे. कारण लाकूड, दोन स्पीकर आणि लोखंड ही तिच्यातही आहेतच. बास गिटारीसाठी अँपेग कंपनीने १९६९ साली काढलेल्या ‘एसव्हीटी’ या ३०० वॅटच्या संचाची तर गोष्टच निराळी. त्याच्या आठ स्पीकरांच्या पेटीला लोक ‘रेफ्रिजरेटर’ म्हणतात, आणि आकार व वजन पाहता ते नाव तिला शोभते.

लंडनच्या जिम मार्शल यांची एक हकीकत या संदर्भात सांगितली जाते. १९६५च्या सुमारास ‘द हू’ या वाद्यवृंदातील पीट टाउनझेंड यांनी त्यांच्याकडे आठ स्पीकर असलेली एकच प्रचंड पेटी मागितली. मार्शल यांनी ती करून दिली. परंतु ती वाहणाऱ्या मदतनिसांची कुरकुर सुरू झाली, आणि अखेर तिचे चार-चार स्पीकरांचे दोन भाग करावे लागले. एकावर एक ठेवलेल्या दोन पेट्या आणि त्यांवर अ‍ॅम्प्लिफायर, ही जी उतरंड पुढे रॉक संगीताची खूण म्हणून प्रसिद्ध झाली, तिचा घाट या हकीकतीनुसार ओझे वाहणाऱ्यांच्या पाठीने ठरविला. ओझे एकसंध ठेवावयाचे की वाटून घ्यावयाचे, हा प्रश्न म्हणजे या विषयाचे मर्म होय.

मोठी पेटी घेण्यामागे सहसा एक गैरसमज असतो. शंभर वॅटची पेटी पन्नास वॅटच्या पेटीपेक्षा दुप्पट मोठ्याने वाजेल, असे पुष्कळांना वाटते. मानवी कानाचा हिशोब तसा नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला जाणवतो, पण फार मोठा वाटत नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास सुमारे १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे शक्ती दसपट करावी लागते. या हिशोबाने १०० वॅटची पेटी १० वॅटच्या पेटीहून सुमारे दुप्पटच मोठी वाटेल. याउलट, स्पीकर अधिक कार्यक्षम निवडला तर काहीही वजन न वाढविता तोच लाभ होतो. एका वॅटला ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी १०० डेसिबल देणारा बसविणे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्यासारखेच आहे. ध्वनिमुद्रणात तर मोठ्या पेटीची गरज आणखी कमी. एरिक क्लॅप्टन यांनी १९७०च्या ‘लैला’ या गीतसंग्रहाच्या ध्वनिमुद्रणात फेंडरची ‘चँप’ ही पाच-सहा वॅटची, हातात धरून नेण्याजोगी पेटी वापरली होती. तेव्हा आवाजाचे मोठेपण आणि पेटीचे मोठेपण यांचा संबंध दिसतो तेवढा जवळचा नाही.

आता पाठीकडे वळू. कण्याच्या मणक्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. बोलीभाषेत त्यांना गाद्या म्हणतात. माणूस पुढे वाकून ओझे उचलतो तेव्हा कमरेतल्या खालच्या गाद्या तरफेच्या टेकूसारख्या होतात. तरफेच्या एका बाजूला ओझे असते, दुसऱ्या बाजूला पाठीचे स्नायू. ओझे कण्यापासून हातभर लांब असते, तर स्नायूंची पकड टेकूपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. २० किलोंची पेटी कण्यापासून ४० सेंटिमीटरवर धरली, तर ती नुसती तोलून धरण्यासाठी स्नायूंना १६० किलोंइतका ताण द्यावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन याहून वेगळे. तीच पेटी अंगाशी घेऊन २० सेंटिमीटरवर आणली की तो ताण निम्मा होतो. स्वीडनमधील शल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या या चकत्यांत सुई घालून दाब मोजले, आणि पुढे वाकून ओझे धरले असता तो किती चढतो हे दाखवून दिले.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य या विषयाच्या राष्ट्रीय संस्थेने याच विचारातून ओझे उचलण्याचे एक सूत्र तयार केले. त्याची सुधारलेली आवृत्ती १९९०नंतरच्या वर्षांत रूढ झाली. तिच्यानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असता, म्हणजे ओझे घोट्यांपासून २५ सेंटिमीटरच्या आत, जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीवर, दोन्ही हातांत आणि शरीराला पीळ न देता उचलले असता, २३ किलो ही शिफारस केलेली मर्यादा आहे. अंतर दुप्पट झाले की मर्यादा निम्म्यावर येते. ओझे थेट जमिनीवरून उचलावयाचे असेल आणि हात ४० सेंटिमीटर लांब असतील, तर केवळ या दोन कारणांनी ती सुमारे ११ किलोंवर उतरते. ही मर्यादा निकोप माणसांची. २९ किलोंची पेटी ठाण्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्यावरून एका हाताने उतरविणारा वादक या सूत्राच्या किती पलीकडे गेलेला असतो, हे निराळे सांगावयास नको. त्यातही बहुतेक पेट्यांना माथ्यावर एकच मूठ असते. ओझे एका अंगाला लोंबकळते, कणा बाजूला झुकतो आणि दुसऱ्या बाजूचे स्नायू त्याला ओढून धरतात. आपल्याकडील हमाल डोक्यावर चुंबळ ठेवून ओझे कण्याच्या सरळ रेषेत घेतो, आणि कावडवाला ते दोन बाजूंना सारखे वाटतो. पेटीच्या एका मुठीने या दोन्ही शहाणपणांना फाटा दिला आहे.

यावर दोन उपाय नेहमी सुचविले जातात. एक कमरेचा पट्टा. दुसरा, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकण्याचे शिक्षण. पट्ट्याने कामगारांचे इजेपासून रक्षण होते असे मानण्यास पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष उपर्युक्त संस्थेनेच १९९४ साली काढला. नुसत्या शिक्षणाने कंबरदुखी टळते, असेही पाहण्यांतून दिसलेले नाही. नीट वाकणे वाईट नव्हे. परंतु त्यावर विसंबून जड ओझे उचलीत राहणे शहाणपणाचे नाही. उचलण्याची कला शिकण्याआधी उचलावयाचे वजन कमी करणे, हाच राजमार्ग होय.

म्हणून निवडीची सुरुवात दुकानातूनच झाली पाहिजे. तिथे सहसा एकटा कान परीक्षा घेतो. पाच मिनिटे वाजवून पाहिले, आवाज आवडला आणि व्यवहार झाला. पुढील दहा वर्षे ती पेटी ज्या पाठीवर जाणार असते, तिचे मत कोणी विचारीत नाही. शहाण्या ग्राहकाने वजन छापील पत्रकात पाहावे, पेटी स्वतः दोन्ही हातांनी थोडी उचलून पाहावी, आणि घरचे जिने, गाडीची डिकी व नेहमीचे सभागृह डोळ्यांपुढे आणावे. ज्याची पाठ आधीच दुखावलेली आहे त्याने उचलून पाहण्याचे काम सोबत्यावर सोपवावे, आणि आकड्यावरच भरवसा ठेवावा.

त्यानंतरचा प्रश्न म्हणजे गरज किती आहे हा. शंभर-दोनशे श्रोत्यांच्या सभागृहात आज बहुधा ध्वनिव्यवस्था असते. छोट्या पेटीपुढे मायक्रोफोन ठेवला की तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हणजे पेटीने केवळ वादकाला आणि त्याच्या शेजाऱ्यांना ऐकू जावयाचे असते. बारा इंची एक स्पीकर आणि पंधरा-वीस वॅटची शक्ती एवढ्यावर हे काम भागते. पेटी जमिनीवर ठेवली तर तिचा तीव्र स्वर वादकाच्या पोटऱ्यांवर आदळतो, कानाला तो मंद वाटतो, आणि मग आवाज वाढविला जातो. तीच पेटी स्टुलावर ठेवली किंवा मागे कलती केली की थोडक्या शक्तीत स्पष्ट ऐकू येते. आणि योगायोगाने कानाला सोयीची ती स्टुलाची उंची पाठीलाही सोयीची असते.

मोठा आवाज खरोखरच लागत असेल, तर एकसंध पेटीऐवजी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वेगवेगळे असलेला संच घ्यावा. २५ किलोंची एक खेप करण्यापेक्षा १०-१५ किलोंच्या दोन खेपा पाठीला पुष्कळ बऱ्या. जवळ जुनी एकसंध पेटी असेल आणि तिचा आवाज सोडवत नसेल, तर कुशल सुताराकडून दोन पेट्या करवून घेता येतात. मात्र आतील यंत्रणेला हात जाणकार कारागिराचाच लागला पाहिजे, कारण व्हॉल्व्हच्या पेटीत वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब साठून राहू शकतो. शिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जोडल्यावाचून कधीही चालवू नये.

वजन उतरविणारे दोन शोधही ध्यानात घ्यावेत. १९८०च्या दशकात निओडिमियम या धातूचे प्रबळ चुंबक प्रचारात आले. त्यांचा बारा इंची स्पीकर दोन किलोंच्या आसपास भरतो. दुसरा शोध वीजपुरवठ्याचा. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. आवर्तने जितकी कमी, तितके ट्रान्सफॉर्मरला लोखंड अधिक. आधुनिक पुरवठ्यात ही आवर्तने आधी हजारोंच्या पटीत नेतात, त्यामुळे मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. ‘डी वर्ग’ या नावाने ओळखले जाणारे अ‍ॅम्प्लिफायर उष्णताही थोडी निर्माण करतात. या सर्वांचा उपयोग करून फेंडर कंपनीने २०१९ साली ट्विन रिव्हर्बचीच संगणकीय आवृत्ती काढली. तिचे वजन सुमारे १५ किलो, म्हणजे मूळ पेटीच्या जवळजवळ निम्मे. याच्याही पुढचा टप्पा म्हणजे पेटीच नसणे. पायाशी ठेवावयाच्या लहानशा यंत्रात निरनिराळ्या पेट्यांच्या आवाजाची नक्कल साठविलेली असते, आणि त्याची तार थेट सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेला जोडली जाते. सारा संसार एका पिशवीत मावतो.

यात काही गमवावे लागत नाही, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. व्हॉल्व्हची पेटी पाठीमागे असता हवेचा जो धक्का अंगाला जाणवतो आणि बोटांच्या दाबाला ती जसा प्रतिसाद देते, त्याची सवय झालेल्या वादकाला नक्कल थोडी परकी वाटते. जुनी पेटी बिघडली तर गावातला रेडिओ दुरुस्त करणारा जुना कारागीरही ती उलगडून पाहू शकतो. संगणकीय पेटीची दुरुस्ती तशी सोपी नसते. हा तोटा खरा आहे. त्याची तुलना मात्र दुसऱ्या मोठ्या पेटीशी नव्हे, तर मुळीच न वाजविण्याशी करावयास हवी.

निवडीनंतर वाहतूक. तिचा पहिला नियम असा की, जेथे चाक चालते तेथे हात चालवू नये. मोठ्या चाकांची घडीची ढकलगाडी फुटलेल्या फरशीवरून आणि उंबरठ्यावरून सहज जाते. लहान चाके तेथेच अडतात. अँपेगच्या त्या अवजड पेटीलाही मागे चाके आणि आडवी मूठ दिलेली आहे, ती याचसाठी. वाद्य, पेटी, तारा असे सामान एकाच जड पोत्यात न कोंबता लहान पिशव्यांत वाटावे. पेटी उचलावयाचीच असेल तर तिची जड बाजू, म्हणजे जिकडे ट्रान्सफॉर्मर असेल ती, अंगाकडे घ्यावी. डिकीतून काढताना प्रथम ती सरकवून काठावर टेकवावी, अंगाशी घ्यावी आणि मगच उचलावी. वळताना कमरेला पीळ न देता पावले टाकून वळावे. लांबचा प्रवास करून आल्यावर लगेच ओझ्याला हात घालू नये. पाच-दहा मिनिटे चालावे. जिन्यावर दोघांनी पेटी धरली तर खालच्या माणसावर अधिक भार येतो, म्हणून दुखऱ्या पाठीचा माणूस खाली नसावा. खरे तर तो त्या जिन्यावर पेटीपाशी नसलेलाच बरा.

सर्वांत धोक्याची वेळ कार्यक्रमानंतरची. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास २०००च्या नियमांनी बंदी आहे. त्यामुळे दहा वाजले की मांडव आवरण्याची एकच घाई उडते. वादक दमलेला असतो, अंधार असतो, रिक्षावाला ताटकळत असतो. दोन खेपांचे काम एका खेपेत उरकण्याचा मोह याच वेळी होतो. आवराआवर कोण करणार, हे कार्यक्रम ठरतानाच ठरले पाहिजे. मोठ्या कार्यक्रमांत पेट्या आयोजकांनीच जागेवर पुरवावयाच्या, ही पद्धत रूढ आहे. लहान मंडळांनीही मानधनाबरोबर हा प्रश्न मोकळेपणाने विचारावयास हरकत नाही. भाड्याची पेटी ही उधळपट्टी नव्हे. वैद्याच्या खर्चाशी ताडून पाहिली तर ती काटकसर ठरते.

दुखणे उद्भवलेच तर घाबरून महिनाभर अंथरूण धरू नये. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते, आणि बेताची हालचाल तिला उपकारक ठरते. मात्र पायातील शक्ती कमी होणे, मांड्यांच्या आतील भागास बधिरता येणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

शेवटचा अडथळा पेटीत नसतो, मनात असतो. ‘एवढेसे उचलवत नाही?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही तरी तो ऐकू येतो, आणि माणूस चारचौघांदेखत वाकतो. वाद्यवृंद ही मुळातच एकमेकांचे ओझे वाटून घेण्याची कला आहे. एक ताल धरतो, दुसरा सूर भरतो, तिसऱ्याने क्षणभर थांबावे म्हणून चौथा पुढे होतो. पंचविशीतल्या ढोलकीवाल्याने ‘काका, राहू द्या, मी घेतो,’ असे म्हणून पेटी उचलली, आणि काकांनी संकोच न करता ती घेऊ दिली, तर त्यात कोणाचे उणे होत नाही. त्या काकांची बोटे आणखी वीस वर्षे तारांवर फिरावीत, यातच साऱ्या वाद्यवृंदाचा लाभ आहे.